तुझ्या कॉम्प्युटरात वारो येता काय रे?

आजचा भाग मी नांदगावातून रेकॉर्ड करतोय. नाशिककडचं नांदगाव नव्हे हां. हे सिंधुदुर्गातलं, कणकवली तालुक्यातलं, मुंबई-गोवा हायवेवरचं. जिथल्या तिठ्यावरून देवगडला रस्ता फुटतो, ते. मागे रातकिडे ऐकू येतील, त्याला इलाज नाही.

आजचा विषय आहे विजेच्या जाळ्याचं मॉडेल. म्हणजे टॉवर, तारा, सबस्टेशन हे सगळं कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं आणि वादळ आलं, लाईन तुटली, तर कुठं कुठं अंधार पडेल ते आधीच बघायचं. विषय ऐकून भाग बंद करू नका. या विषयात मी एक मोठी चूक केली होती, आणि ती माझ्या आजीच्या जिवावर बेतली असती. तिथूनच सुरू करतो.

चार तासांची बॅटरी

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट. मी एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला, कॉलेज बंद म्हणून गावी आलेला. आजी कोरोनातून उठली होती, पण तिचा ऑक्सिजन अधूनमधून खाली यायचा. म्हणून घरात कॉन्सन्ट्रेटर आणून ठेवलेला. साधारण साडेतीनशे वॉटचं मशीन. लाईट गेली तर इन्व्हर्टर होता. बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची. गुणाकार केला तर १८०० वॉट-तास होतात. मधली गळती वजा केली की मशीन चालणार चार, फार तर साडेचार तास.

१५ मेला सगळीकडं एकच बातमी, तौक्ते वादळ येतंय. बाबांनी मला विचारलं, "आयेक कणकवलीक व्हरूया काय रे? थंय हॉस्पिटल तरी जवळ."

मी तेव्हा माळ्यावर प्रोजेक्ट घेऊन बसलो होतो. माझं मॉडेल तयार होतं. त्यात मी लाईनी तोडून बघितल्या होत्या, दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ घातला होता आणि उत्तर आलं होतं साडेतीन तास. मी बाबांना म्हटलं, "नको हलवूया तिला. फार तर साडेतीन तास लाईट जाईल. बॅटरी चार तासांची आहे."

बाबांनी ऐकलं. शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर ऐकणारच.

१६ मे, रविवार. वादळ आमच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडं गेलं. सकाळी लाईट गेली ती पाचव्या दिवशी संध्याकाळी आली.

चौथ्या तासाला इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. शेजारच्या काकांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. लॉकडाऊनमुळं लग्नं बंद, म्हणून त्यांचा जनरेटर पडवीत ताडपत्रीखाली पडून होता. भर पावसात चौघांनी ढकलत आणला. डिझेल एकाच्या ट्रॅक्टरमधून काढलं. आजी वाचली. माझ्या मॉडेलचा त्यात काही हात नव्हता.

पाचव्या दिवशी वायरमन काका आले. बिचारे चार दिवस झोपले नव्हते. पडवीत बसून चहा घेताना मी त्यांना माझ्या मॉडेलबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबू, तुझ्या त्या कॉम्प्युटरात वारो येता काय रे?"

मी म्हटलं, नाही.

"मगे? तार जोडूक अर्दो तास लागता. वाटेत आडवो पडलेलो फणस तोडूक अर्दो दिवस."

माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासाची परीक्षा त्यांनी एका कपात घेतली. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर.

तिठा म्हणजे बस

आधी थोडं मूळ समजून घेऊ. विजेचं जाळं दोन मजल्यांचं असतं. वरचा मजला पारेषणाचा : मोठे मनोरे, १३२, २२०, ४००, ७६५ किलोव्होल्टच्या लाईनी. खालचा मजला वितरणाचा : ३३ आणि ११ किलोव्होल्टचे फीडर, गावातली डीपी, आणि तिथून घरात येणारी वायर. वरचा मजला पडला तर जिल्हे अंधारात जातात. खालचा पडला तर वाड्या.

मॉडेलमध्ये जिथं लाईनी एकत्र येतात त्या ठिकाणाला 'बस' म्हणतात. ही एसटी नव्हे. आमच्या भाषेत तिठाच. नांदगाव तिठ्यावर हायवे आणि देवगडचा रस्ता मिळतात, तशा बसवर लाईनी मिळतात. म्हणजे मॉडेल हा तिठ्यांचा आणि रस्त्यांचा नकाशा. पण एक फरक आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे.

समजा करूळ घाट बंद पडला. ड्रायव्हर काय करतो? फोंड्यानं जातो, नाहीतर भुईबावड्यानं. तिकडं गर्दी दिसली तर थांबतो, चहा पितो. वीज असं काही करत नाही. एक लाईन गेली की तिच्यातली वीज त्याच क्षणी उरलेल्या सगळ्या लाईनींवर वाटली जाते, ज्या वाटेला विरोध कमी तिथं जास्त. त्या लाईनीला झेपतंय की नाही, हे वीज विचारत नाही. नाही झेपलं तर तीही ट्रिप होते आणि मग तिचा भार तिसरीवर जातो. पत्त्यांचा बंगला कोसळतो तसं.

म्हणून नुसता नकाशा बघून धोका कळत नाही. १९९८ साली वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ या दोघांनी 'नेचर'मध्ये एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी पश्चिम अमेरिकेचं विजेचं जाळं ४,९४१ ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणून मांडलं होतं. पुढं अनेकांनी तेच ठिपके घेऊन 'हा ठिपका काढला तर काय होईल' असे अभ्यास केले. २०१० मध्ये हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की फक्त ठिपके-रेषा बघून काढलेले निष्कर्ष दिशाभूल करू शकतात. विजेचे नियम घातल्याशिवाय कमकुवत जागा नीट सापडत नाही.

खोटं जाळं कशाला बनवायचं?

तुम्ही म्हणाल, मग खरंच जाळं घ्या की. मॉडेल कशाला बनवत बसायचं?

खरं जाळं ज्यांच्याकडं असायला हवं त्यांच्याकडं असतं. आपल्या राज्याचं भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे, तिथं चोवीस तास हेच काम चालतं. पण कुठली लाईन तोडली तर सगळ्यात जास्त अंधार पडेल, ही माहिती उघड्यावर ठेवण्यासारखी नाही. जगभर हीच अडचण आहे. म्हणून विद्यार्थी आणि संशोधक नमुना जाळी वापरतात. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे आय-ट्रिपल-ईचं ११८ बसचं जाळं. मीही तेच वापरलं होतं.

आता ऐका. ते जाळं अमेरिकेतल्या एका कंपनीच्या जाळ्याच्या तुकड्यावरून घेतलेलं आहे, डिसेंबर १९६२ च्या स्थितीतलं. त्या मूळ माहितीत लाईन किती भार पेलू शकते हे दिलेलं नाही. कुठली बस जमिनीवर नेमकी कुठं आहे, हेही नाही. गणिताची पद्धत तपासायला ते उत्तम आहे. पण ज्याला जागाच नाही, त्याच्यावर वादळ कुठून आणणार? वायरमन काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्या कॉम्प्युटरात वारा यायला वाटच नव्हती.

यावर गेल्या काही वर्षांत चांगला उपाय निघाला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या बर्चफील्ड, ओव्हरबाय आणि त्यांच्या चमूनं टेक्सासच्या भूगोलावर २,००० बसचं एक जाळं बसवलं. शहरं खरी, लोकसंख्या खरी, पण एकही लाईन खरी नाही. तरीही ते खऱ्यासारखं वागतं. बनवतात कसं? लोकसंख्येवरून विजेची मागणी काढायची. वीज केंद्रांची जी माहिती सार्वजनिक आहे ती घ्यायची. त्यावरून सबस्टेशनं बसवायची. शेजारच्या सबस्टेशनांना लाईनीनं जोडायचं, कारण खऱ्या लाईनी बहुतेक वेळा शेजाऱ्यांनाच जोडतात. मग खऱ्या जाळ्यांशी ताडून बघायचं : एका सबस्टेशनला सरासरी किती लाईनी येतात, त्यांची लांबी किती, भार किती. जुळत नसेल तर पुन्हा बसवायचं.

पण टेक्सास सपाट आहे आणि कोकण म्हणजे सह्याद्री आणि समुद्राच्या मधली चिंचोळी पट्टी. म्हणून मी ठरवलं, आपल्या पट्टीसारखं एक छोटं जाळं बनवून बघू. आकडे मी समजायला सोपे घेतलेत, हे लक्षात ठेवा.

तीन गावांचं जाळं

समजा किनारपट्टीत तीन सबस्टेशनं आहेत : उत्तर, मध्य, दक्षिण. घाटावरून दोन लाईनी उतरतात. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. तिन्ही सबस्टेशनं आपापसात जोडलेली. प्रत्येक लाईन १०० मेगावॉट पेलते.

वर्षाची सरासरी मागणी धरू, प्रत्येकी ३० मेगावॉट. एकूण ९०. एक घाटलाईन गेली तरी दुसरी ९० सहज आणते. याला इंजिनिअर 'एन वजा एक' म्हणतात, म्हणजे एक वस्तू गेली तरी गाडी चालू राहिली पाहिजे. सरासरी बघितली तर पास.

आता मे महिन्यातली संध्याकाळ घ्या. पंखे, एसी, बर्फाचे कारखाने. किंवा गणपती घ्या. जनगणनेत ज्या घरात दोन म्हातारी माणसं आहेत तिथं चतुर्थीला पंधरा चाकरमानी उतरतात, वर माळा आणि तोरणं. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात. शिवाय कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे आणि जादा गाड्या नेमक्या त्याच आठवड्यात. समजा मागणी झाली प्रत्येकी ४०, म्हणजे १२०. आता एक घाटलाईन गेली तर दुसरीला १२० ओढायचे आहेत आणि तिची ताकद १००. वेळेत २० मेगावॉट कुठंतरी बंद केलं नाही, तर दुसरीही ट्रिप. तिन्ही गावं अंधारात. जाळं तेच, लाईनी त्याच. फक्त कुठल्या दिवसाची मागणी घातली यावर उत्तर फिरलं.

मागणीचा अंदाज मोठ्या माणसांचाही चुकतो बरं का. ५ एप्रिल २०२० आठवतो? रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद करायचे होते. ग्रीडवाल्यांनी हिशेब केला होता की मागणी १२-१३ हजार मेगावॉटनं उतरेल. प्रत्यक्षात उतरली ३१ हजारांच्या आसपास. तरी ग्रीड टिकली, कारण जलविद्युत केंद्रं झटकन वरखाली करायला तयार ठेवली होती. अंदाज चुकेल हे धरूनच तयारी केली होती. हा धडा मोठा आहे.

वारा सगळ्यांना एकदमच लागतो

आता माझी मुख्य चूक. वादळाच्या दिवशी एक घाटलाईन पडण्याची शक्यता समजा ५० मध्ये १. दोन्ही पडण्याची किती? शाळेत शिकलोय, गुणाकार करा : २,५०० मध्ये १. मीही तोच गुणाकार केला होता.

पण तो गुणाकार नाण्यांना चालतो. एका नाण्याला दुसऱ्याचं काही माहीत नसतं. दोन लाईनी एकाच वाऱ्यात उभ्या असतात. ज्या वाऱ्यानं पहिली पाडली तो वारा दुसरीपर्यंत पोचलेला असतो. पहिली पडलीच असेल तर दुसरी पडण्याची शक्यता समजा ३ मध्ये १. मग दोन्ही जाण्याची शक्यता होते १५० मध्ये १. कुठं २,५०० आणि कुठं १५०? धोका जवळजवळ १७ पट. एकही टॉवर न बदलता.

आणि लाईनी फक्त वाऱ्यानंच एकत्र जातात असं नाही. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा भागातली एक ४०० किलोव्होल्टची वाहिनी आधीच दुरुस्तीसाठी बंद होती आणि तशात आणखी वाहिन्या ट्रिप झाल्या. अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रीडपासून अलग काढून स्वतःच्या विजेवर तगवायची व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे. त्या दिवशी तीही टिकली नाही. ज्या मॉडेलमध्ये सगळ्या लाईनी सदैव चालू असतात, त्या मॉडेलला हा दिवस दिसलाच नसता.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे रिले, लाईनीचा राखणदार. लाईनीवर बिघाड झाला की तो ती तोडतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही ग्रीड गेल्या आणि ६० कोटींहून जास्त लोकांच्या भागात वीज नव्हती. दोन्ही दिवशी सुरुवात झाली ती ४०० किलोव्होल्टच्या बीना-ग्वाल्हेर लाईनीपासून. लाईन तुटली नव्हती, शॉर्टसर्किटही नव्हतं. भार इतका वाढला आणि व्होल्टेज इतकं उतरलं, की रिलेला वाटलं दूर कुठंतरी बिघाड झालाय, आणि त्यानं लाईन तोडली. राखणदारानं घरच्याच माणसाला चोर समजून कोंडलं. मॉडेलमध्ये लाईन घातली आणि रिले घातला नाही, तर ही गोष्ट कळणारच नाही.

फणस आणि तीन गँग

आता वायरमन काकांचा फणस. माझ्या मॉडेलमध्ये प्रत्येक बिघाड स्वतःच्या वेळेत दुरुस्त होत होता. जणू प्रत्येक तुटलेल्या तारेजवळ एक गँग उभीच आहे. धरा, ३० ठिकाणी बिघाड आहे आणि प्रत्येकाला अर्धा दिवस लागतो. माझं मॉडेल म्हणणार, अर्ध्या दिवसात सगळं चालू. पण गँग तीनच असतील तर? प्रत्येकीला १० ठिकाणं, दहा गुणिले अर्धा म्हणजे पाच दिवस.

पाच दिवस. आमच्याकडं लाईट पाचव्या दिवशीच आली होती. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो. चौथीतल्या पोराला जमेल असं गणित. ते करायला मला आजीला धोक्यात घालावं लागलं.

आणखी एक. माझं मॉडेल सबस्टेशनच्या फाटकापाशी संपत होतं. वरचा मजला ठीक म्हणजे सगळं ठीक, असं मी धरलं. पण घराला वीज हवी असेल तर दोन्ही मजले उभे पाहिजेत. बाबांनी विचारलं होतं घराबद्दल. मी उत्तर दिलं होतं सबस्टेशनबद्दल.

मग मॉडेल वास्तव कधी म्हणायचं?

तर मला समजलेलं सांगतो. मॉडेलमध्ये किती हजार बस आहेत यावर ते वास्तव ठरत नाही. त्याला पाच प्रश्न विचारा. जागा आहे का, म्हणजे वारा यायला वाट आहे का? मागणी सरासरीची आहे की चतुर्थीची? दुरुस्तीसाठी बंद असलेली लाईन त्यात बंद आहे का? रिले आहेत का? आणि दुरुस्त करणारी माणसं मोजलीत का? या पाचांपैकी एक जरी नसेल, तरी आकडा खुशाल काढा, पण त्यावर कुणाच्या आजीचा निर्णय घेऊ नका.

मॉडेल टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. उलट माझं पूर्ण करिअर आता यातच आहे. चांगलं मॉडेल सांगू शकतं की तिसरी लाईन बांधण्यापेक्षा दोन जादा गँग आणि लाकूड कापायच्या चार मशिनी वादळाच्या आदल्या दिवशी पट्टीत आणून ठेवल्या तर जास्त फायदा होईल का. हॉस्पिटलचा फीडर आधी की पाणीपुरवठ्याचा, हे शांत डोक्यानं आधी ठरवता येतं. वादळात डोकं शांत नसतं.

तुमच्या घरात कुणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल, तर आजच बॅटरीचा हिशेब करा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, भागिले मशीनचे वॉट, आणि आलेल्या तासांतून थोडी गळती वजा करा. मग शेजारी कुणाकडं जनरेटर आहे ते विचारून ठेवा. तुमच्या जाळ्यातली ती लाईन कुठल्याच नकाशावर नसते.

माझ्या नव्या मॉडेलमध्ये वारा आहे. गँगही आहेत. मागच्या महिन्यात वायरमन काकांना लॅपटॉपवर दाखवलं. वादळ पट्टीवरून जातंय, एकेक ठिपका लाल होतोय. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "वारो बरो आसा. पण फणस खंय आसत?"

तर झाडं घालायचं काम चालू आहे. झालं की सांगतोच. आजी मजेत आहे, खाली बसून विचारतेय की हा एकटाच कोणाशी बोलतोय. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.